बिस्किट आधी की ‘बस’ आधी?

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या कुत्रेवाल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. “आमचा ब्रूनो सगळं ऐकतो हो, पण हातात बिस्किट असेल तरच!” यावर कुणी म्हणतं, कुत्रा लबाड झालाय. कुणी म्हणतं, तुम्हीच त्याला डोक्यावर बसवलंय, घरात ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, कोण ते एकदा दाखवा त्याला. दोन्ही निदानं चुकीची आहेत. ब्रूनो जे शिकलाय तेच चोख करतोय. गडबड झालीय ती शिकवण्याच्या क्रमात.

आधी ‘अल्फा’चा निकाल लावू. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांचं वर्णन केलं आणि ही कल्पना तिथून फोफावली. पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे चक्क एक कुटुंब. तरी कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांची रील्स अजून फिरतातच. त्यातून कुत्रा फक्त घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावू शकतो.

आता मुद्द्याचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिऑन केमिन यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. आधी आवाज, मग विजेचा हलका झटका, असं वारंवार केल्यावर उंदीर नुसत्या आवाजाला घाबरू लागले. नंतर त्याच आवाजाच्या जोडीला दिवाही लावायला सुरुवात केली. झटका पूर्वीसारखाच. शेवटी नुसता दिवा लावून पाहिला, तर उंदरांना त्याची भीती जवळपास नव्हतीच! दिवा आणि झटका इतक्या वेळा एकत्र आले होते, तरीही. कारण झटका येणार हे आवाजाने आधीच सांगून टाकलं होतं. दिव्याकडे सांगण्यासारखं नवं काही उरलंच नव्हतं.

मला हा प्रयोग विलक्षण सुंदर वाटतो. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून मेंदू त्यांची सांगड घालत नाही. अंदाज चुकला, तरच तो शिकतो. येल विद्यापीठातल्या रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हे एका छोट्या समीकरणात बसवलं: अपेक्षेतला बदल = शिकण्याचा वेग × (मिळालेलं − अपेक्षित). वेग ०.३ धरा आणि बक्षीस १. अपेक्षा शून्यापासून सुरू होऊन ०.३, ०.५१, ०.६५७ अशी चढते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा लहान. कंसातली वजाबाकी शून्यावर आली की शिकणं थांबतं. आवाज आणि दिवा अशा दोन खुणा एकाच वेळी असतील, तर ‘अपेक्षित’ ही दोघींची बेरीज असते. एका खुणेने ती बेरीज आधीच १ केली असेल, तर दुसरीच्या वाट्याला शून्य येतं. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींमध्ये हीच वजाबाकी प्रत्यक्ष मोजली. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी उसळतात, ठरलेला रस मिळाला की गप्प राहतात, आणि ठरलेला रस मिळाला नाही की नेहमीपेक्षाही मंदावतात. २००१ मध्ये त्यांनी केमिनचा सापळाही लावून पाहिला. आधीच्या खुणेने झाकलेल्या नव्या खुणेला या पेशींनी फारशी दाद दिली नाही.

आता ब्रूनोकडे बघा. त्याला पाळणाऱ्या काकू हातात बिस्किट धरतात, ते त्याच्या नाकावरून वर नेतात आणि त्याच क्षणी म्हणतात, “बस!” त्याची नजर बिस्किटावर खिळलेली. खाऊ येणार हे बिस्किटानेच सांगितलंय. ‘बस’ हा केमिनचा दिवा झाला. तो शब्द शंभरदा उच्चारला तरी ब्रूनोच्या लेखी ती घरातली बडबडच.

उपाय क्रमात आहे. खाऊ खिशात किंवा पाठीमागे डब्यात ठेवा. आधी रिकाम्या हाताच्या खुणेवर बसायला शिकवा. ते जमलं, की “बस” म्हणा, एक सेकंद थांबा आणि मग हाताची खूण करा. शब्द आधी, खूण नंतर. काही दिवसांत तो खुणेची वाट न बघता शब्दावरच टेकेल. खाऊ डब्यातून निघायला वेळ लागतो, म्हणून तो टेकला त्याच क्षणी “हो!” म्हणा आणि मग खाऊ द्या. पुढे खाऊ कधी द्यायचा, कधी नुसतं थोपटायचं.

फटाक्यांच्या भीतीतही हीच चूक होते. दिवाळीत घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून आवाज घुमतो, म्हणून आपण आधीच चिकनचा डबा उघडून बसतो. मग धडाम! दोन-चारदा असं झालं की डबा उघडला की स्फोट होतो, एवढंच कुत्रा शिकतो आणि चिकनलाही बिचकतो. आवाज आधी हवा, चिकन लगेच त्यामागून. तेही दिवाळीच्या काही महिने आधीपासून, मोबाइलवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतकं हळू लावून, की त्याने फक्त कान टवकारावेत.

एकटं राहिल्यावर रडणाऱ्या कुत्र्याचंही तसंच. घरातली दोघंही लोकल पकडायला निघाली, की मागे फ्लॅटमध्ये तो सूर लावतो आणि सोसायटीत कुजबुज सुरू होते: कुत्रं रडतंय, काहीतरी अशुभ होणार. हे साफ खोटं आहे. कुणाचं मरण त्याला दिसत नसतं. किल्ल्यांचा आवाज झाला की माणसं जातात, एवढाच त्याचा अंदाज, आणि तो रोज खरा ठरतो. या भाकडकथेपायी लोक कुत्र्याला जिन्याखाली बांधतात, सोडून देतात, याचा मला मनापासून संताप येतो. तो अंदाज खोटा ठरवा. दिवसातून अनेकदा किल्ल्या उचला, बॅग खांद्याला लावा आणि सोफ्यावर बसून पेपर वाचा. मग दाराबाहेर जाऊन तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या, आणि हा वेळ सेकंदासेकंदाने वाढवा. तो दार ओरबाडून पंजे रक्ताळून घेत असेल, तर मात्र आधी पशुवैद्य. इतक्या घाबरलेल्या जनावराला कधी कधी औषधाचा आधार लागतो, आणि तो द्यायला कचरू नये.