चिपाड: यीस्टला बसायला की खायला?

लातूर-धाराशिव भागात साखर कारखान्याच्या आवारातले बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, डोंगर सगळ्यांच्या ओळखीचे. म्हणून ‘बगॅस वापरून इथेनॉल’ असं वाचलं की चिपाडच आंबवलं असणार, असं वाटतं. पण ही दोन वेगळी कामं असू शकतात.

एकात बगॅस कच्चा माल असतो. त्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या, पण लिग्निन या चिवट, लाकडी घटकात घट्ट रुतलेल्या. आधी वाफेने किंवा आम्लाने तंतू फोडायचा, सेल्युलेज या सेल्युलोज तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) साखर सुटी करायची, मग यीस्ट सोडायचं. इतकं करूनही तंतूतल्याच हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातली झायलोज साखर नेहमीचं यीस्ट आंबवत नाही. खर्च चढतो तो इथेच.

दुसऱ्यात चिपाड नुसता आधार. साखर मळीतली, बूड टेकायला जागा चिपाडाची. सेल्युलोज तोडणारं विकर यीस्टकडे नसतंच, त्यामुळे तोच तंतू पुढच्या बॅचलाही चालतो. चिपाड कापून, साखर निघेपर्यंत गरम पाण्याने धुवायचं, १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करून यीस्टच्या द्रावणात काही तास ठेवायचं. नंतर खळबळलं की पहिलं पाणी दुधट येतं, मग निवळत जातं. पाणी निवळल्यावरही जे सुटत नाही, ते खरं चिकटलेलं यीस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच्या खाचाखाचांत ५ ते १० मायक्रॉनच्या गोलसर पेशी दाटीने बसलेल्या दिसतात. उसाचा आतला गर सच्छिद्र असतो, पण चुरतो. सालीचा तंतू टिकतो.

ही पकड सैल असते. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काही पेशी सोडवून नेतात. यीस्ट धरून ठेवायची दुसरी रीत म्हणजे अल्जिनेट या समुद्री शेवाळातल्या जेलीसारख्या पदार्थाचे मणी. त्यांत पेशी कोंडलेल्या राहतात खऱ्या, पण फॉस्फेट वाढलं की मणी मऊ पडतात, आणि अल्जिनेट विकत आणावं लागतं. चिपाड आपल्याकडे दारातच आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेला झेपेल असं काम हेच, असं मला ठामपणे वाटतं. पऱ्हाटी-तुराटीवरही ते करून बघावं.

शंका असेल तर धुतलेलं चिपाड, यीस्ट आणि साधं पाणी एवढंच ठेवून बघा. मळीविना बुडबुडे येत नसतील, तर चिपाड आधारच होतं.

बुरशीचं मात्र वेगळं. तुरीच्या मर रोगासाठी आपण वापरतो तो ट्रायकोडर्मा सेल्युलेज स्वतःच बनवतो. तो चिपाडावर राहतोही आणि चिपाड खातोही. तिथे आधाराचं वजन घटत जातं, म्हणून प्रयोगाआधी आणि नंतर कोरडं वजन नोंदवायलाच हवं.