दोन बोटं सरकवलं की येणारं वायफाय

चवथीला फोंड्याला काकांकडे पोचलो, तर त्यांनी आल्या आल्या तक्रार मांडली. "तू बसवलेलं वायफाय या मेजावर धरत नाही. दोन बोटं सरकवलं की येतं." शेजाऱ्यांनी निदानही करून ठेवलं होतं: वास्तुदोष. लॅपटॉपचं तोंड ईशान्येला हवं.

लॅपटॉप जुना, कुळागराचा हिशेब लिहिण्यापुरता. घेताना वायफायविना स्वस्त पडत होता म्हणून तसाच घेतलेला. पण असे लॅपटॉप बनवताना अनेकदा फक्त वायफायचं कार्ड वगळलेलं असतं, बाकी सगळी तयारी आतच असते. खालचं झाकण उघडलं की हे कार्ड बसवायची, मिनी पीसीआय एक्स्प्रेस नावाची, 52 पिनांची रिकामी खाच दिसते आणि शेजारी टोकाला टेप गुंडाळलेल्या दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी. या तारा बिजागरीतून वर जातात आणि स्क्रीनच्या कडेला दडवलेल्या अँटेनांना मिळतात. बाहेरून यूएसबीत खोचायच्या नखाएवढ्या वायफाय डोंगलात असली ऐसपैस अँटेना मावत नाही, म्हणून मी आत कार्डच बसवलं होतं.

आता त्या दोन बोटांचं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर. राउटरकडून सरळ आलेली लहर आणि लोखंडी कपाटावर आपटून परतलेली लहर एकाच जागी भेटतात. दोघींचे उंचवटे एकत्र आले तर जोर वाढतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला तर दोघी एकमेकींना खातात. समोरासमोरच्या अशा दोन लहरींमुळे हवेत जोर आणि खड्डा यांची आखणीच होते: खड्ड्यापासून पुढचा खड्डा अर्ध्या लहरीवर, म्हणजे चार बोटांवर, आणि खड्ड्यापासून जोराची जागा पाव लहरीवर, 3.1 सेंटिमीटरवर. दोन बोटं! काकांचं मोजमाप चोख होतं. खऱ्या खोलीत लहरी भिंती, जमीन, छप्पर अशा सगळीकडून येतात, त्यामुळे आखणी इतकी सरळ राहत नाही, पण खड्ड्यात संकेत कधी शंभरपटीनंही पडतो. त्यात घर चिऱ्याचं. पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत लहर आणखी अडवते. माणूस तर पाण्याची चालती पिशवी. काका खुर्चीवरून उठले तरी खड्डे जागा बदलणार.

लॅपटॉप ईशान्येला वळवला की खरंच फरक पडतो, कारण वळवताना अँटेना दोन बोटं हलते. नैर्ऋत्येला वळवला तरी हलतेच.

इंजिनिअरांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते: दोन अँटेना, एकमेकींपासून वीतभर दूर. एक खड्ड्यात असली तर दुसरीही त्याच वेळी खड्ड्यात असण्याची शक्यता कमी. 54 एमबीपीएस वेगाच्या जमान्यातल्या कार्डांत प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, आरंभी 16 मायक्रोसेकंदांचा ठरावीक नमुना येतो. तेवढ्या वेळात कार्ड दोन्ही अँटेना चाखून बघतं आणि जिचा संकेत जोरकस ती निवडून पॅकेटचा उरलेला भाग ऐकतं. पुढे 2009 साली पक्क्या झालेल्या वायफायच्या 802.11 एन मानकानं तर कमालच केली. दोन्ही अँटेनांवर वेगवेगळे प्रवाह एकाच वेळी पाठवायचे आणि पलीकडे गणितानं सोडवायचे. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे दोन वाटा एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात, म्हणजे काल त्रास देणारं कपाट आज कामाला लागतं.

कुणाला हा खटाटोप करायचाच असेल तर आधी एक तपासा. काही लॅपटॉपांचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम, ठरावीक कार्डंच मानतं आणि दुसरं बसवलं तर मशीन सुरूच होऊ देत नाही. कार्ड डब्ल्यूपीए 2 ही वायफायच्या सुरक्षेची पद्धत जाणणारं घ्या. एम डॉट 2 खाचेची नवी कार्डं इथे बसत नाहीत, त्यांच्या अँटेनांची टोकंही लहान असतात. तारेचं टोक टिचबटणासारखं असतं आणि ते जेमतेम 30 वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं, तेव्हा चाळा म्हणून उघडू नका.

काकांचा लॅपटॉप उलटा करून झाकण उघडलं. काळी तार जागेवर होती. पांढरीच्या टोकावर कारखान्यातला टेप तसाच होता. घाईत ती मीच लावायची विसरलो होतो. टेप सोलला, टोक दुसऱ्या खुंटीवर धरून दाबलं. टिक.

"काय होतं रे?" काकांनी विचारलं.

"वास्तुदोष," मी म्हटलं.