ॲम्ब्युलन्समध्ये मागे कोण बसायचं?

पॅरामेडिकला, म्हणजे हॉस्पिटलला पोचायच्या आधीच पेशंटवर उपचार करणाऱ्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला, अजूनही बरेच लोक 'ॲम्ब्युलन्सवाला' म्हणतात, ड्रायव्हरच समजतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. पण मागे जाऊन बघितलं तर कळतं की कित्येक वर्षं ॲम्ब्युलन्सचं काम उचलायचं आणि पोचवायचं एवढंच होतं. फ्रेंच सैन्यातला सर्जन लारे, जो पुढे नेपोलियनबरोबर होता, त्याने १७९० च्या दशकात लढाई चालू असतानाच जखमींना आणायला हलक्या घोडागाड्या काढल्या. पुढे घोडे गेले, इंजिन आलं, तरी खरे उपचार बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्ये पोचल्यावरच सुरू व्हायचे.

अमेरिकेत तर १९६० च्या दशकातही खूप ठिकाणी अंत्यविधी करणाऱ्यांचीच गाडी ॲम्ब्युलन्स म्हणून यायची, कारण माणसाला आडवं झोपवता येईल अशी गाडी त्यांच्याकडे असायची. पिट्सबर्गमध्ये पोलिसांची व्हॅन यायची, पेशंट मागे स्ट्रेचरवर आणि पोलीस दोघेही पुढे. बेशुद्ध माणसाची जीभ घशाकडे पडून श्वास अडकतो, हनुवटी उचलून धरली तरी बऱ्याचदा तो मोकळा होतो, पण ती उचलायला मागे कोणी नसायचंच.

१९६६ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके परत ताळ्यावर आणणारं मशीन, गाडीत घालून हार्ट अटॅकच्या पेशंटच्या घरी न्यायला सुरुवात केली. ते मशीन जवळपास ७० किलोचं, कारच्या बॅटऱ्यांवर चालणारं. पण त्या गाडीत डॉक्टर आणि नर्स असायचे, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर कुठून आणायचा?

याचं उत्तर पिट्सबर्गमध्येच मिळालं. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर सफार, तिथेच होते आणि १९६६ मध्येच त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या अटॅकने गेली होती. १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सर्व्हिस उभी राहिली. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतली, ज्यांना कोणी नोकरीवर घेत नव्हतं अशी पोरं त्यात आली, काही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले, काहींची शाळाही पुरी झालेली नाही. सफारनी त्यांना जवळपास ३०० तासांचं ट्रेनिंग दिलं, शरीररचनेपासून सीपीआरपर्यंत सगळं, आणि मग ही माणसं गाडीत मागे, पेशंटजवळ बसायला लागली. माझ्या मते आजचा पॅरामेडिक खरा इथे जन्मला, आणि फ्रीडम हाऊस हे नाव या फील्डमधल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

नंतर डॉ. नॅन्सी कॅरोलाईन तिथे मेडिकल डायरेक्टर झाल्या, त्या स्वतः कॉलवर जायच्या, आणि तिथल्या अनुभवातून त्यांनी बांधलेला अभ्यासक्रम पुढे अख्ख्या अमेरिकेतल्या पॅरामेडिक ट्रेनिंगचा पाया झाला. पण १९७५ मध्ये पिट्सबर्ग शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाऊस बंद पडलं. शहराने त्यातल्या लोकांना घेतलं खरं, पण नव्या परीक्षा लावून आणि साइडची कामं देऊन बऱ्याच जणांना बाहेर काढलं, आणि ज्यांनी हे काम करून दाखवलं होतं त्यांच्या जागी बहुतेक गोरे, कमी अनुभवाचे लोक मागच्या सीटवर बसले.