आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला टाकण्याआधी
(आमच्या साताऱ्यातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाडवडिलांचं घड्याळ घेऊन येणारे बहुतेक ग्राहक काउंटरवर एकच सांगतात, "अगदी नव्यासारखं करून द्या." तसं सांगण्याआधी हे पत्रक एकदा वाचावं, ही विनंती. घड्याळ चालू करणं आणि घड्याळ नवं दिसेल असं करणं, ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं आम्ही जवळजवळ नेहमी सुचवतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा नको म्हणतो, त्यात आमचं बिल वाढत असलं तरीही.

मशीन

"चावी दिली की चालतंय की!" असं म्हणून वर्षानुवर्षं पेटीत ठेवलेलं घड्याळ लोक थेट मनगटावर घालतात. हे करू नका. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. तशात घड्याळ चालवलं की चाकांच्या केसासारख्या बारीक टोकांची झीज होते. बंद ठेवलेल्या घड्याळाचं त्या मानाने कमी नुकसान होतं. सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण सुटं करून धुणं, नवं तेल देणं आणि टायमिंग मशीनवर (घड्याळ किती मागे-पुढे जातं ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावून बघणं. चावी भरलेली असताना बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, २७० अंशांच्या आसपास झुलायला लागला की आमचं समाधान होतं. जुन्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, तर तो दोष समजू नका.

एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला उभा राहिला आणि एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तरी एचएमटीच्या जनता, पायलट या मॉडेलांचे सुटे भाग अजून मिळतात, कारण घड्याळं निघालीच इतकी. फेवर-ल्यूबा या स्विस कंपनीच्या काही मशीनचा एखादा भाग शोधायला मात्र महिने जातात. तेवढी वाट बघायची तयारी असेल तरच काम द्या.

तबकडी

आमचा खरा आग्रह इथे आहे. पिवळी पडलेली, ठिपके आलेली तबकडी रंगवून घेऊ नका. कारखान्यात छापलेली अक्षरं भिंगाखाली बघितली तर कडा धारदार दिसतात आणि मिनिटांच्या रेघा एकसारख्या जाडीच्या असतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं फुगतात, रेघा आकड्यांपासून किंचित सरकतात आणि सहाच्या आकड्याखालचं बारीक 'स्विस मेड' बऱ्याचदा गायबच होतं. देवनागरी आकड्यांची जनता तुमच्याकडे असेल, तर तिची तबकडी जिवापाड जपा. निळ्या-नारिंगी चकचकीत तबकड्यांची जी जुनी घड्याळं ऑनलाइन विकतात, त्यांना संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पाच घड्याळांचे भाग जोडून केलेला तो माल असतो. खऱ्या घड्याळाला रंग देऊन आपणच त्या रांगेत का बसवावं?

आकडे किंवा काटे पूर्वी अंधारात चमकायचे आणि आता चमकत नाहीत, अशी घड्याळं वेगळी ठेवा. १९६० च्या दशकापर्यंत अशा रंगात रेडियम वापरत. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नव्हे. प्रकाश देणारी पूड निकामी होते, पण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. झाकण बंद असलेलं घड्याळ जवळ असल्याने घाबरून जायचं कारण नाही, पण त्या रंगाची धूळ श्वासातून आत जाणं वाईट. म्हणून घरी झाकण उघडू नका, काटे खरवडू नका. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

केस आणि काच

प्लॅस्टिकची काच घासून स्वच्छ होते, नाहीतर बदलता येते. तिथे जपून ठेवण्यासारखं काही नसतं. केसचं, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचं, बफिंग ही दुसरी गोष्ट. प्रत्येक पॉलिशमध्ये धातू जातो, कडा गोल होतात, आणि गोल्ड प्लेटिंग असेल तर खालचं पितळ उघडं पडतं. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून फौजेची परंपरा जुनी आहे, त्यामुळे मागच्या झाकणावर नंबर, नाव किंवा निवृत्तीची तारीख कोरलेली घड्याळं आमच्याकडे येतात. त्या झाकणाला आम्ही मऊ ब्रशशिवाय काही लावत नाही.

घालायचं, की जपून ठेवायचं?

रोज घालायचं असेल तर खर्च करा, पण पावसाळ्यात घालू नका. मेढा-महाबळेश्वरकडच्या पावसापुढे या घड्याळांचा निभाव लागत नाही. काचेला आतून वाफ धरली तर तांदळाच्या डब्यात न ठेवता लगेच आणून द्या, हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) फार लवकर गंजते. घड्याळ एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं, तर बहुधा मोबाइल कव्हरच्या लोहचुंबकाचा प्रताप असतो. चुंबकत्व काढायचं ते काम काउंटरवर उभ्याउभ्या होतं, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

मशीन गंजून गेलं असेल आणि घालायचंही नसेल, तर आम्ही साफसफाई करून तसंच परत देतो.

घड्याळावर भावंडांचाही हक्क असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. पट्टा जुना असला तरी काढून टाकू नका, सोबत आणा. खरेदीची पावती, डबी, घड्याळ घातलेला एखादा जुना फोटो असेल तर तोही आणा, तबकडी आणि काटे मूळचे आहेत का ते ताडून बघता येतं. काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन्ही आम्ही पावतीवर लिहून देतो. बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून घड्याळासोबत परत मिळेल.