ग्रिप किती हवी? समर परफॉर्मन्स टायर घेण्यापूर्वी

स्पोर्टी गाडीचे मालक आमच्याकडे आले की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: “सगळ्यात जास्त ग्रिप कुठल्या टायरची?” आम्ही उलट विचारतो, गाडी चालते कुठे? रोजचं ऑफिस आणि अधूनमधून घाट, की दर महिन्याला ट्रॅक? टायर या उत्तरावर ठरतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘समर’ म्हणजे पावसात काढून ठेवायचा टायर नव्हे. चांगला समर टायर ओल्या रस्त्यावरही ऑल-सीझन टायरपेक्षा लवकर थांबतो. त्याला सोसत नाही ती थंडी. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड सुटते. बर्फावर तर तो नकोच.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मुख्य दोन पायऱ्या. पहिलीत मिशलां पायलट स्पोर्ट ४एससारखे टायर येतात: कोरड्यात घट्ट, पावसात भरवशाचे, रोज वापरता येण्याइतके शांत. दुसरीत योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस. ट्रॅकवर यांची मजा वेगळीच. पण ते लवकर झिजतात, आवाज करतात आणि साचलेल्या पाण्यात जपून चालवावे लागतात. ट्रॅकवर वर्षातून एकदाच जाणार असाल, तर आमचं मत सरळ पहिल्या पायरीला.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘ट्रेडवेअर’ म्हणजे झिजेचा आकडा दिसेल. ३०० म्हणजे चाचणीत १०० आकड्याच्या प्रमाण टायरपेक्षा तिप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो बरा. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. शेजारचा ‘एए’ दर्जा पाहून गिऱ्हाईक खूश होतं, पण तो फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड सांगतो. वळणावरच्या पकडीचा त्यात हिशेबच नाही.

आता साइझ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. २२५/४५ आर१७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. त्याऐवजी २२५/४० आर१८ घातला तर चाकाचा एकूण व्यास जेमतेम ३ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण साइडवॉल ९० मिलिमीटरवर येते. खड्ड्यात रिमला वाचवायला मध्ये असलेलं रबर ११ मिलिमीटरनं घटलं. मग रिम वाकते, नाहीतर टायरला फुगा येतो. मोठी रिम विकली तर आम्हाला पैसे जास्त मिळतात, तरी खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही मूळ साइझच सुचवतो. रुंदी वाढवायचा मोहही आवरा: अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की साइडवॉल बाहेर फुगते, स्टिअरिंग ढिलं वाटतं, आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायची शक्यता वाढते.

पुढचे ९४डब्ल्यू असे कोडही बघा. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो भार, ९१ म्हणजे ६१५. डब्ल्यूची वेगमर्यादा ताशी २७० किलोमीटर. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या भाराच्या आकड्याखाली कधीही जाऊ नका.

शक्यतो चारही टायर एकदमच बदला. दोनच घेत असाल तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटली तर गाडी फिरते, आणि सावरायला वेळ मिळत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हला, म्हणजे चारही चाकांवर ओढणाऱ्या गाडीला, चारही टायरची झीज जवळपास सारखी लागते, म्हणून तिथे आधी आम्हाला विचारा.

हवा थंड टायरमध्ये तपासा. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण पावसातली पकड त्याच्या बरीच आधी घटू लागते. आम्ही ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो. टायर गोटा होईपर्यंत थांबू नका.

येताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो आणा. आणि जुने टायर घरी काढून ठेवू नका, गाडीवरच राहू द्या. ते फक्त आतल्या कडेला झिजले असतील, तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ, करावं लागेल, नाहीतर नवेही तसेच जातील.