पासवर्डचं पीठ आणि चिमूटभर मीठ

"तीन वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं बंद पडतं. मग माझा पासवर्ड कोण आणि कसा ओळखणार?" माझी मावशी हे नेहमी विचारायची. शंका अगदी रास्त आहे. पण चोर खात्याच्या दाराशी उभा राहून एकेक किल्ली लावून बघत बसत नाही. तो कंपनीकडची पासवर्डांची अख्खी यादीच पळवतो आणि आपल्या संगणकावर निवांत अंदाज बांधतो. तिथे तो कितीही वेळा चुकला, तरी त्याला अडवणारं कोणी नसतं.

बरी कंपनी पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचं आधी पीठ करते. या पिठाला हॅश म्हणतात. ठरावीक धान्य घातलं की दर वेळी नेमकं तेच पीठ पडतं, पण पिठाचा पुन्हा दाणा करता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा गिरणी तुमचा पासवर्ड नव्याने दळते आणि साठवलेल्या पिठाशी ताडून बघते.

चोरालाही दाणा परत मिळवता येत नाही. म्हणून तो कोट्यवधी वेगवेगळे दाणे दळत सुटतो आणि कुठलं पीठ जुळतं ते पाहतो. एमडी५ ही हॅश काढायची जुनी, वेगवान गिरणी असेल, तर गेम खेळण्यासाठी घेतलेलं आजचं एखादं भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त अंदाज तपासतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे मिळून सुमारे २०,९०० कोटी पासवर्ड होतात. म्हणजे दोन-तीन सेकंदांचं काम.

यावर तोड १९७९ सालीच रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी मांडली होती. दळण्याआधी प्रत्येकाच्या दाण्यात वेगळं चिमूटभर मीठ टाकायचं. तंत्रज्ञ त्याला खरोखरच 'सॉल्ट' म्हणतात. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं पडतं आणि चोराला प्रत्येकासाठी नव्याने दळावं लागतं. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, तेव्हा त्यांत मीठच नव्हतं. १९९९ साली आलेल्या बीक्रिप्ट या हॅशच्या पद्धतीने तर गिरणी काढून जातंच बसवलं, मुद्दाम संथ. तुम्हाला लॉगिन करताना क्षणभराचा उशीर जाणवतही नाही, पण चोराचा वेग हजारो कोटींवरून काही हजारांवर येतो.

अडचण ही की एखाद्या दुकानाच्या साइटवर गिरणी आहे की जातं, ते आपल्याला बाहेरून कळत नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, ते न दळलेले, जसेच्या तसे होते. त्यांतले जवळपास २ लाख ९० हजार नुसते '१२३४५६' होते. ती यादी आजही चोरांचं हत्यार आहे, कारण माणसं ठरावीक वळणानेच पासवर्ड करतात: नाव, ॲटचं चिन्ह, जन्मसाल.

मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा उपदेश बिल बर यांनी २००३ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी लिहिलेल्या सूचनांमधून जगभर पसरला. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली आणि संस्थेनेही २०१७ मध्ये ती सक्ती मागे घेतली. कारण हिशेबातच आहे. कळफलकावरची ९५ चिन्हं वापरून केलेल्या आठ अक्षरी पासवर्डांपेक्षा बारा साध्या लहान अक्षरांचे पासवर्ड चौदा पट जास्त होतात. लांबी जिंकते. अट एकच, अक्षरं खरोखर कशीही पडलेली हवीत.

अशी बारा अक्षरं लक्षात राहत नाहीत, शब्द राहतात. १९९५ साली अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची यादी केली. फासा पाच वेळा टाकायचा, पडलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. असे सहा शब्द जोडले, तर यादी आणि रीत दोन्ही चोराला ठाऊक असूनही मघाच्या त्या ग्राफिक्स कार्डाला हजारो वर्षं लागतील. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी चालतात. मात्र अभंगाची ओळ किंवा म्हण नको, ती सगळ्यांना पाठ असते.

तरीही मला विचाराल तर खरी खोट कमकुवत पासवर्डात नाही, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यात आहे. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्समध्ये चोर शिरला, तो एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या साइटवरही वापरलेल्या पासवर्डाच्या आधाराने. म्हणून सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड वेगळा करा. 'पासवर्ड विसरलात?' याची लिंक तिथेच येते, म्हणजे बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच आहेत. शिवाय ऑथेंटिकेटर ॲप जोडा. ते फोनवर साठवलेलं एक गुपित आणि घड्याळातली वेळ यांवरून दर तीस सेकंदांनी नवा आकडा काढतं, आणि पासवर्डाबरोबर तोही टाकावा लागतो. उरलेल्या खात्यांसाठी सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, आहेच.

मावशीला मात्र मॅनेजर नको होता, वही हवी होती. मला ती मान्य आहे. दूरदेशी बसलेल्या चोराचा हात तिच्या कपाटापर्यंत पोचत नाही. फक्त वही पर्समध्ये फिरवायची नाही आणि यूपीआयचा पिन तिच्यात लिहायचा नाही, एवढं ठरवलं. एका रविवारी आम्ही बसलो. वहीत तेवीस खाती निघाली, एकोणीस ठिकाणी तोच पासवर्ड. ईमेलपासून सुरुवात केली. तिने डोळे मिटून शब्दकोश उघडला आणि बोट ठेवलं, असं सहा वेळा. पाचवा शब्द तिला आवडला नाही. त्याजागी माहेरच्या गावाचं नाव घालू का, म्हणाली. मी नको म्हटलं. आवडीचा शब्द निवडला की तो आपल्याला ओळखणाऱ्यालाही सुचू शकतो. बोट पडलं तोच शब्द तिने वहीत लिहिला.