‘पाणी’ सोपं, ‘पाण्यात’ अवघड

पुस्तक प्रदर्शनात लहान मुलांच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘पहिलीतल्या मुलीला वाचता येईल असं काही आहे का?’ विक्रेता मलपृष्ठावरचा वयोगट बघतो आणि ‘५ ते ८ वर्षे’ असं दिसलं की पुस्तक पुढे करतो. या तीन वर्षांत मूल कुठून कुठे पोचतं? पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावातलं एखादं अक्षर दुकानाच्या पाटीवर ओळखू आलं तरी केवढा आनंद होतो. आठ वर्षांचं एखादं मूल मोठ्या भावाचं पुस्तक एका बैठकीत संपवतं. आणि आठाची सगळीच मुलं अशी नसतात. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं होती २७.१ टक्के. म्हणजे वयावरून मुलाच्या आवडीचा अंदाज येतो, वाचनाचा येत नाही.

म्हणून पुस्तकांना वयाऐवजी वाचनाची पातळी द्यायची पद्धत आली. आपल्याकडे ती सगळ्यात ठळकपणे दिसते प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर. २००४ मध्ये सुरू झालेली ही बंगळुरूची संस्था आपल्या गोष्टी चार पातळ्यांत लावते. तिच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (२०१५ पासून, फुकट, मराठीतही) हीच विभागणी आहे: पहिल्या पातळीवर साधारण अडीचशे शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीवर सहाशेपर्यंत, तिसरीवर दीड हजारापर्यंत आणि चौथीवर त्याहून मोठ्या. शब्दसंख्येबरोबर वाक्यांची लांबी, शब्दांची पुनरावृत्ती आणि विषयाचा सोपेपणाही पाहिला जातो. पालकांना एवढा आधार पुष्कळ होतो. पण मराठी पुस्तकाचा अवघडपणा शब्द मोजून कितपत कळतो, हा प्रश्न उरतोच.

मोजण्याची ही कल्पना मुळात इंग्रजीतली. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये एक सूत्र मांडलं. वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात सरासरी उच्चारखंड किती, हे दोन आकडे घालायचे की मजकूर किती सोपा ते कळतं. १९७५ मध्ये किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी त्यात असा फेरफार केला की उत्तर थेट इयत्तेत यावं. खलाशांना तांत्रिक पुस्तिका झेपाव्यात म्हणून घडवलेलं हे सूत्र पुढे जगभरच्या संगणकांत जाऊन बसलं आणि बालकथांनाही लावलं जाऊ लागलं.

मराठीत ते पहिल्याच वळणावर अडतं. ‘मी घरी आलो’ हे तीन शब्द. ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा एक. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहितो, त्यामुळे शब्द कमी भरतात आणि प्रत्येक शब्द लांबतो. शिवाय नवशिक्याला दमवणारी गोष्ट सहसा शब्दाची लांबी नसते. ‘गडबडगुंडा’ सहा अक्षरांचा आहे, तरी अक्षरं सुटी आणि सरळ असल्याने मूल तो एकेक करत वाचून काढतं. ‘सूर्य’ दोनच अक्षरांचा, आणि तिथे गाडी थांबते.

याचं कारण लिपीत आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला सव्वीस अक्षरं ओळखायची असतात. त्याचा त्रास पुढे स्पेलिंगमध्ये सुरू होतो. मराठीत उच्चार आणि लेखन बरंच जुळतं, पण ओळखायच्या आकृत्या फार. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपं धरली तरी चारशेच्या वर आकृत्या होतात, आणि जोडाक्षरं अजून बाकीच आहेत. सगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत, कारण काना, मात्रा, वेलांटी यांची युक्ती एकदा कळली की ती सगळीकडे चालते. पण ती कळायला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अक्षरज्ञान चौथीपर्यंत आणि त्यापुढेही वाढतच राहतं. कन्नडची लिपी दिसायला वेगळी, पण अक्षर बांधण्याची रीत देवनागरीसारखीच आहे. पहिलीच्या दिवाळीपर्यंत मूल ‘वाचायला लागलं’ पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अभ्यास जरूर ध्यानात ठेवावा.

आकृत्यांतही डावंउजवं असतं. ‘किती’ या शब्दात डोळ्यांना आधी ऱ्हस्व वेलांटी भेटते आणि मग क. तोंडाने मात्र आधी क आणि मग इ म्हणायची. रफाराची तर कमालच. ‘सूर्य’मधला र आधी उच्चारायचा, पण तो बसलाय य च्या डोक्यावर. ‘चक्र’मध्ये तोच र पायाशी तिरका, ‘ट्रक’मध्ये आणखी निराळा आणि ‘वाऱ्या’त चौथ्याच रूपात. एका ध्वनीची इतकी सोंगं पाहून सहा वर्षांचं मूल गोंधळलं नाही तरच नवल.

जोडाक्षरं टाळायची म्हटलं तर? ‘ग म भ न’ने सुरुवात केलेल्या पिढ्यांना हा प्रयोग माहीत आहे. बदक, कमळ, गवत असे काना-मात्रा नसलेले शब्द पुष्कळ सापडतात, पण त्यांच्यावर गोष्ट उभी राहत नाही. ‘मदन, बदक बघ’ यापुढे काही घडतच नाही. काही घडवायचं असेल तर नामाला विभक्ती लागते, आणि विभक्ती लागली की सामान्यरूप होतं. मराठी बालपुस्तकाची खरी अडचण इथे आहे, आणि कुठल्याही परदेशी सूत्रात ती सापडणार नाही. ‘पाणी’ सोपा शब्द. मासा त्यात सोडायचा तर तो ‘पाण्यात’ जातो आणि ण्य येतो. घोडा सोपा, त्याच्यावर बसायचं तर ‘घोड्यावर’. डोळा, पण ‘डोळ्यात’. वारा, पण ‘वाऱ्याने’.

एक पान दोन प्रकारे लिहून पाहू.

‘कुत्रा पळाला. कुत्र्याच्या तोंडात पोळी. पोळी पाण्यात पडली. कुत्र्याने पाण्यात उडी मारली.’

‘मांजर पळालं. मांजराच्या तोंडात पोळी. पोळी नदीत पडली. मांजराने नदीत उडी मारली.’

दोन्हींत शब्द बाराच, वाक्यं चारच. शब्द मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राला दोन्ही पानं जवळपास सारखी वाटतील. पण पहिल्या पानावर सहा जोडाक्षरं आहेत आणि त्यातलं ‘त्र्या’ तर तिहेरी. दुसऱ्या पानावर जोडाक्षर एकच, ‘च्या’. नुसतं नायकाचं आणि पाण्याच्या ठिकाणाचं नाव बदलल्याने एवढा फरक पडतो. (मांजर पाण्यात उडी मारणार नाही, हा आक्षेप मान्य. मुलं तो सगळ्यात आधी घेतात.)

म्हणून पहिल्या पातळीतून जोडाक्षरांना हद्दपार करा, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘च्या’, ‘ल्या’, ‘त्या’, ‘माझ्या’, ‘तुझ्या’ यांच्याशिवाय मराठीचं पान हलत नाही. पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर आली की ती मुलाला अख्खी ओळखू येऊ लागतात, फोडावी लागत नाहीत. ‘ष्ट्र’ किंवा ‘क्ष्म’ क्वचित भेटतात, म्हणून ती जड जातात. तेव्हा पुस्तक चाळताना जोडाक्षरं किती यापेक्षा कुठली, आणि तीच तीच पुन्हा येतात का, हे बघावं. एका पानावर पाच वेगवेगळी अवघड जोडाक्षरं असली तर मुलाचा निम्मा जीव तिथेच जातो. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

आता याच्या उलट उदाहरण. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.’ ळ्य चं जोडाक्षर, ओळीने चार उकार, आणि ‘टुणुक’ शब्दकोशात शोधायला जावं असाही नाही. कागदावर ही ओळ अवघड ठरते. पण ज्या घरात म्हातारीची गोष्ट सांगितली जाते तिथलं मूल पानावर ही ओळ दिसताच धडाधड म्हणून टाकतं. अर्धं वाचतं, अर्धं आठवतं. हे काही फसवं वाचन नव्हे. तोंडात असलेली ओळ आणि डोळ्यांना दिसणारी ओळ एकमेकींवर बसवताना मूल ‘भोपळ्या’तला ळ्य नकळत शिकतं. तेच ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ बाबतही. ध्रुपदासारखी परत येणारी ओळ असलेली पुस्तकं नवशिक्यांना मानवतात, ती यामुळे.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हींतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. लिपी खडाखडा वाचणारं पण अर्थ न लागणारं मूल आणि गोष्ट ऐकून सगळं समजणारं पण अक्षर न फुटलेलं मूल, दोघांच्या हाती सारखंच काहीही लागत नाही. भाषा येत असली तर ती लिपीलाही हात देते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे उच्चारतात, पण लिपीत तसं काही दाखवलेलं नसतं. चाक हा शब्द ऐकून माहीत असलेलं मूल आधी चुकीचा उच्चार करतं, थबकतं आणि स्वतःच दुरुस्त करतं.

यातून थोडी अडचणीची गोष्ट निघते. पुस्तकावर छापलेली पातळी प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली असते. घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तेच पुस्तक एक-दोन पायऱ्या वरचं होतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या संशोधकांनी पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. २०१७ च्या त्यांच्या अहवालाचा भर यावरच आहे की नुसती अक्षरं घोटून घेण्यापेक्षा गप्पा, गोष्टी वाचून दाखवणं, स्वतःचं काही लिहिणं हे पहिल्या दिवसापासून सोबत चालावं.

विषयाची माहितीही असंच काम करते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांना सहज मागे टाकून गेली. आपल्याकडे कबड्डीवर असा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

मग पुस्तक मुलाला जुळतं का हे ओळखायचं कसं? एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये दिलेले आकडे अजून वापरात आहेत. शंभरातले नव्व्याण्णव शब्द बरोबर वाचले तर मूल ते पुस्तक एकट्याने वाचू शकतं, पंचाण्णवच्या आसपास असेल तर मोठ्यांच्या मदतीने, नव्वदच्या खाली गेलं तर ते वैतागतं. आकडे इतके नेमके दिसतात की त्यांच्यामागे मोठं संशोधन असेल असं वाटतं; प्रत्यक्षात त्यांचा आधार होता चौथीतल्या एकेचाळीस मुलांवरचा एक प्रबंध. तेव्हा ते पत्रिकेतल्या गुणांसारखे धरून बसू नयेत. घरी याहून सोपं करता येतं. मधलंच एखादं पान उघडून मुलाला मोठ्याने वाचू द्यावं. पाचएक ठिकाणी अडलं तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं.

मात्र किती अडलं यापेक्षा कुठे अडलं हे ऐकण्यासारखं असतं. ‘पाण्यात’ला मूल ‘पाणयात’ म्हणालं तर जोडाक्षराचा सराव हवाय. ‘घरी गेला’ला ‘घरात गेला’ म्हणालं तर अर्थ पोचलाय, टोकू नये. ‘डबकं’ला ‘डबा’ म्हणून पुढे निघून गेलं आणि डब्यात बेडूक कसा, हा प्रश्नच पडला नाही, तर पुस्तक अवघड आहे. पान संपल्यावर ‘मग काय झालं?’ एवढंच विचारावं. उत्तर अडखळत आलं तरी चालेल.

छपाईकडेही बघायला हवं. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार. दोन ओळींत पुरेशी जागा नसेल तर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले, पाठ्यपुस्तकात तेच असतात. बाहेरची बरीच पुस्तकं मात्र हिंदी वळणाच्या फाँटमध्ये छापलेली असतात आणि मूल ओळखीच्या ‘ल’ला परकं समजतं. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही.

पातळीचा शिक्का मुलाच्या कपाळी मारू नये, हे पातळ्या बनवणारेही सांगतात. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २०११ मध्ये पुस्तकांवर पातळीची लेबलं लावण्याविरुद्ध भूमिका घेतली, ती याच कारणाने: मूल आवडीचं पुस्तक शोधायचं सोडून आपल्या पातळीच्या रंगाची चिठ्ठी लावलेलं शोधू लागतं, आणि शेजारच्याला आपला रंग दिसू नये म्हणून धडपडतं. डायनोसॉरवरचं जाडजूड पुस्तक एखाद्या मुलीला हवं असेल तर घेऊ द्यावं. चित्रं बघेल, दहा नावं वाचेल, उरलेलं आईबाबांना विचारून भंडावेल.

मला काळजी वाटते ती सहावी-सातवीत पोचूनही पहिल्या पातळीवरच असलेल्या मुलांची. त्यांच्या हाती ससा आणि कासव दिलं तर ती पुस्तक मिटून ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना हवाय बाराव्या वर्षाचा विषय आणि सोपी अक्षरं: सायकलचं पंक्चर कसं काढतात, मोबाईलची बॅटरी का फुगते, कबड्डीत बोनस कधी मिळतो. सहाशे शब्द, छोटी वाक्यं, जोडाक्षरं बेताची, चित्रं बाळबोध नसलेली. मराठीत अशी पुस्तकं फारच थोडी आहेत. लिहिणाऱ्याला ती सोपी वाटतील, पण लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीत ‘ट्यूबमध्ये’ येईल आणि तिथून डोकं खाजवायची सुरुवात होईल.